अडेनियमचा बोन्साय घरात वाढवायचाय? पहिल्यापासून सगळं सांगते

घरात बोन्साय हवाय, त्याला फुलंही यायला हवीत आणि आठवडाभर पाणी घालायचं राहिलं तरी झाड मरायला नको, असं ज्यांचं म्हणणं असतं त्यांना मी अडेनियमच सुचवते. डेझर्ट रोज म्हणून मिळतं तेच. फुगीर बुंधा, आखूड फांद्या, शेंड्यांना गुलाबी-लाल फुलांचे झुपके आणि वयाच्या मानाने खूप लवकर म्हातारं दिसायला लागणारं झाड, त्यामुळे बोन्सायची मजा यायला वीस वर्षं थांबावं लागत नाही.

मूळ जागा सहाराच्या दक्षिणेचा साहेलचा पट्टा, पूर्व आफ्रिका आणि अरबस्तान. तिथे पाऊस थोडेच दिवस, बाकी वर्ष कोरडं ऊन, म्हणून हे झाड बुंध्यात आणि जाड मुळांत पाणी साठवून ठेवतं. त्या फुगलेल्या भागाला सगळे कॉडेक्स म्हणतात, मीही तोच शब्द वापरणारे. सोकोत्रा बेटावर याच्या भाऊबंदांचे बुंधे तर कवेत मावत नाहीत.

आता एक गोष्ट नीट डोक्यात बसवा, कारण पुढची प्रत्येक पायरी हिच्यावर उभी आहे: घरातलं अडेनियम तहानेने जवळजवळ कधीच मरत नाही, ते मरतं कमी उजेडात जास्त पाणी मिळाल्यामुळे. पाणी किती, खत किती, छाटणी कधी, सगळं झाडाला मिळणाऱ्या उजेडावर ठरतं. बोन्सायबद्दलच्या बऱ्याच सल्ल्यांमध्ये 'माती कायम ओलसर ठेवा' असं असतं, तो सल्ला इतर झाडांसाठी ठीक असेल पण इथे लावलात तर झाड कुजणार म्हणजे कुजणार.

१. आधी खिडकी बघा, रोप नंतर

'घरातला बोन्साय' म्हटलं की लोक टीपॉय किंवा पुस्तकांचं कपाट डोळ्यांपुढे आणतात. तिथे हे झाड जगत नाही. याला रोज निदान ५-६ तास थेट ऊन लागतं. तुम्ही उत्तर गोलार्धात असाल तर दक्षिणेची खिडकी सगळ्यात चांगली, दक्षिण गोलार्धात उत्तरेची, तीही नसेल तर पश्चिमेची.

खिडकी चालेल का हे बघायला भर दुपारी जिथे कुंडी ठेवणार आहात तिथे एक पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीची कड एकदम स्पष्ट, बोटं वेगवेगळी दिसतायत, तर जागा चांगली. सावली आहे पण कड पुसट, तर झाड जगेल पण फुलं क्वचितच. सावली नुसती जाणवण्यापुरती असेल तर ग्रो लाईट (झाडांच्या वाढीसाठीचा खास दिवा) लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. आपले डोळे कमी उजेडाला पटकन सरावतात म्हणून खोली आपल्याला लख्ख वाटते, पण खिडकीपासून दोन-तीन फूट आत गेलं तरी झाडाला मिळणारा उजेड खूप घटलेला असतो. कुंडी काचेच्या जवळच हवी, मध्ये पडदाही नको.

ग्रो लाईट घेणार असाल तर जांभळा दिवा घ्यायची गरज नाही, पांढरा फुल स्पेक्ट्रम (उन्हासारखा सगळ्या रंगांचा प्रकाश देणारा) एलईडी घ्या, टायमर लावून रोज १२ ते १४ तास चालू ठेवा. शेंड्यापासून २०-३० सेंटीमीटरवर सुरुवात करा आणि मग झाड काय सांगतंय ते बघा. दोन पानांमधलं अंतर वाढत चाललंय, फांदी बारीक होऊन एका बाजूला पळतेय, म्हणजे उजेड कमी. वरची पानं फिकट पांढुरकी पडतायत, म्हणजे दिवा फार जवळ आलाय.

बाल्कनी किंवा अंगण असेल तर उबदार महिने झाडाला बाहेरच काढू द्या, थंडीत आत घ्या. फक्त आतलं झाड एकदम कडक उन्हात नेऊन ठेवू नका, पानं आणि बुंध्याची साल दोन्ही भाजतात आणि सालीवरचा भाजल्याचा डाग जात नाही. १०-१५ दिवस घेऊन हळूहळू ऊन वाढवा.

२. सामान गोळा करा

- उथळ पण रुंद कुंडी, तळाला मोठी भोकं असलेली. बिनचकाकीची मातीची कुंडी असेल तर उत्तम, ती लवकर सुकते.
- परलाईट (फुगवलेले हलके पांढरे खडे), प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखी दगड) किंवा विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू, थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा)
- बारीक भोकांची चाळणी
- धारदार कटर किंवा ब्लेड, आणि ते पुसायला स्पिरिट
- रबरी हातमोजे
- बुरशीनाशक पावडर, नाहीतर दालचिनीची पूड
- ॲल्युमिनियमची तार, २ ते ४ मिलिमीटर
- भोकांवर ठेवायला जाळीचे तुकडे, आणि एक लांब लाकडी काडी

हातमोज्यांचं हलक्यात घेऊ नका. या झाडाच्या पांढऱ्या चिकात हृदयावर परिणाम करणारं विष असतं, आफ्रिकेत बाणांना लावायला ते वापरायचे. येमेनमध्ये फिरून झाडं गोळा करणाऱ्या पेटर फॉर्स्कॉल या वनस्पतीशास्त्रज्ञाचं याच्याबद्दलचं वर्णन १७७५ साली छापलं गेलं, त्यात त्याने हे कण्हेरीच्या वंशातच धरलं होतं. पुढे वंश वेगळा केला गेला तरी कूळ एकच राहिलं, आणि विष कण्हेरीसारखंच. चीक डोळ्यात, तोंडात, जखमेवर जाऊ देऊ नका, काम झालं की हात आणि हत्यारं साबणाने धुवा. घरात रांगणारं मूल असेल किंवा पानं चावणारं मांजर-कुत्रं असेल तर कुंडी त्यांच्या हाताला-तोंडाला लागणार नाही अशीच ठेवा, आणि तशी जागा नसेल तर हे झाड घेऊच नका, मी मनापासून सांगतेय.

३. रोप कुठलं घ्यायचं

तीन प्रकार मिळतात. बियांपासून केलेलं, कलम केलेलं, आणि फांदी लावून केलेलं.

बोन्सायसाठी माझं मत स्पष्ट आहे, बियांपासूनचं घ्या. त्याचा कॉडेक्स लहानपणापासून फुगतो आणि बुंध्यापासून फांदीपर्यंत झाड एकसंध दिसतं. फुलांचा रंग मात्र येईपर्यंत कळत नाही. कलमाला हवा तो रंग, डबल पाकळ्या वगैरे मिळतात, पण जोड दिसतो आणि खालच्या खुंटाला फुटवे येत राहतात, ते वेळच्या वेळी काढले नाहीत तर खुंटच वरचढ होतो. फांदीवरून केलेल्या रोपाला सोटमूळ नसतं, त्यामुळे तसा डौलदार फुगीर बुंधा धरायला खूप वेळ लागतो.

घेताना बुंधा अंगठ्याने चारही बाजूंनी दाबून बघा, अगदी मातीलगत. सगळीकडे टणक लागला पाहिजे. एखाद्याच जागी बोट आत जातंय, तर ते रोप कितीही फुललेलं असलं तरी राहू दे. मातीवर रंगीत खडे गोंदाने चिकटवलेले असतात काही वेळा, खालचं काहीच दिसत नाही, तसलं टाळा. आणि भरपूर फुलांचं उंच रोप आणि बिनफुलांचं, बुटकं पण जाड बुंध्याचं रोप यात दुसरंच घ्या, फुलं नंतर आणता येतात पण बुंधा वाढायला वर्षं जातात.

बियांपासून स्वतः करायचं असेल तर ताज्या बिया लागतात, जुन्या उगवत नाहीत. २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या उबेत साधारण आठवड्यात कोंब येतो. आणि हे बघण्यासारखं असतं, इतर रोपांचा कोंब बारीक दोऱ्यासारखा असतो पण याचा पहिल्या दिवसापासून खाली गुबगुबीत, वर दोन जाड पानं, म्हणजे कॉडेक्स जन्मतःच दिसतो.

४. माती

माती म्हणायचं पण बागेतली माती यात नकोच. माझं मिश्रण असं: २ भाग परलाईट, प्युमिस किंवा विटांचे तुकडे, १ भाग जाड वाळू, १ भाग कोकोपीट किंवा चांगलं कुजलेलं कंपोस्ट. तुकडे ३ ते ६ मिलिमीटरचे, आणि सगळं चाळून घ्यायचं, कारण खाली पडणारी बारीक भुकटीच नंतर चिखल होऊन मुळांची हवा बंद करते. कुंडी भरल्यावर वरून पाणी ओता, काही सेकंदात ते भोकांतून धो धो यायला हवं. वर तळं साचत असेल तर मिश्रण परत करा.

तळाला खडीचा थर देऊ नका. निचरा वाढतो असं सगळे सांगतात पण होतं उलटं, बारीक मिश्रणातलं पाणी पटकन खालच्या जाड खडीत उतरत नाही, वरच अडून राहतं, म्हणजे ओला भाग मुळांच्या आणखी जवळ येतो. तळापासून वरपर्यंत एकच मिश्रण भरा आणि भोकांवर जाळी ठेवा, पुरे.

५. पहिली कुंडीबदली

विकतचं रोप बहुतेक वेळा नुसत्या कोकोपीटमध्ये असतं, वरून कोरडं दिसतं आणि मुळांच्या मधोमध ओला गोळा तसाच असतो. म्हणून घरी आणल्यावर १०-१५ दिवस नवीन जागेला रुळू द्या आणि मग कुंडी बदला, पण फक्त उबदार दिवसांत, झाडाला नवी पालवी येत असताना. थंडीत आणलं असेल तर थांबा, तोवर पाणी अगदी कमी.

आधी आठवडाभर पाणी बंद. मग रोप काढून मुळं काडीने हळूहळू मोकळी करा, सगळं जुनं कोकोपीट निघालं पाहिजे, लागलं तर पाण्याने धुवा. आता मुळं नीट बघा. निरोगी मूळ टणक असतं, कापलं की आत पांढरं. तपकिरी, बुळबुळीत, हाताने साल निघून येणारं मूळ म्हणजे कुजलेलं, ते पांढरा भाग लागेपर्यंत कापून टाका.

बोन्सायसाठी खरं काम इथेच आहे. खाली सरळ जाणारं सोटमूळ आखूड करा आणि आडवी जाणारी जाड मुळं ठेवा. ती चारही दिशांना पसरून लावली की पुढे बुंध्याचा पाया रुंद होतो. काही जण सोटमूळ कापून खाली सपाट फरशीचा तुकडा ठेवतात म्हणजे नवीन मुळं आडवीच पळतात, हे छान जमतं, पण पहिल्याच वेळी सगळं एकदम कापू नका, एक-तृतीयांश मुळं गेली तरी पहिल्या खेपेला खूप झाली.

कापलेल्या प्रत्येक जागी बुरशीनाशक किंवा दालचिनी लावा आणि झाड तसंच उघड्या मुळांनी, सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी ४ ते ७ दिवस ठेवून द्या. हो, मातीशिवाय. नवीन लोकांचा इथे जीव घाबरतो आणि ते लगेच लावून वर पाणी घालतात, आणि नेमकी तीच ओली जखम कुजते. काप सुकून त्यावर कोरडी खपली धरली की मगच लावा, कोरड्याच मिश्रणात, आणि लावल्यावरही आठवडाभर पाणी नाही. बुंध्यावर थोड्या सुरकुत्या पडतील, पडू द्या.

लावताना कॉडेक्स आधी होता त्यापेक्षा २-३ सेंटीमीटर वर ठेवा. दर दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलताना असंच थोडं थोडं वर घेत गेलात की पिळदार मुळं बाहेर दिसायला लागतात. नवीन उघडी पडलेली मुळं नाजूक असतात, त्यांच्यावर सुरुवातीला कडक ऊन नको.

६. पाणी

'किती दिवसांनी पाणी घालू?' हा प्रश्नच सोडून द्या. लाकडी काडी कुंडीत तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. ओलसर, गार, माती चिकटलेली असेल तर आज नाही. कोरडी आली तर भरपूर घाला, भोकांतून वाहेपर्यंत, आणि ताटलीतलं पाणी ओतून द्या. रोज अर्धा कप, अर्धा कप असं घालू नका, त्याने वरचा थर सतत ओला आणि खालची मुळं उपाशी राहतात.

उबदार दिवस, भरपूर ऊन, पानं भरलेली, अशा वेळी साधारण आठवड्यातून एकदा-दोनदा लागेल, उथळ कुंडीत आणखी लवकर. सलग ढगाळ, दमट दिवस असले की तेच झाड दोन आठवडे काही मागत नाही. काही दिवसांनी कुंडी उचलून वजनावरूनच कळायला लागतं.

७. छाटणी

फुलं नवीन वाढीच्या शेंड्यांना येतात. न छाटलेलं झाड दोन-तीन लांब फांद्या करतं आणि टोकाला चार फुलं देतं, छाटलेलं झाड प्रत्येक कापाखालून दोन-तीन फुटवे काढतं आणि तितके शेंडे वाढतात. म्हणून घाबरून नुसते शेंडे खुडत बसू नका, वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला मुख्य फांद्या बुंध्यापासून ५ ते १० सेंटीमीटर ठेवून बाकी कापा.

काप तिरका, ज्या डोळ्यातून (फांदीवरच्या फुटव्याच्या जागेतून) फांदी हवी आहे त्याच्या थोडा वर. बाहेरच्या बाजूचा डोळा निवडा, आतला निवडलात तर फांद्या एकमेकींत घुसतात. कापल्याबरोबर पांढरा चीक थेंबाथेंबाने येतो, तो ओल्या कापडाने टिपत राहा आणि थांबला की बुरशीनाशक लावा. पुढचे चार-पाच दिवस कापावर पाणी पडू देऊ नका. दोन ते चार आठवड्यांत डोळे फुगतात, हिरवे टिपके दिसायला लागतात, आणि फुलं साधारण अडीच-तीन महिन्यांनी, उजेड चांगला असेल तर.

मुळांची कापणी आणि फांद्यांची मोठी छाटणी एकाच दिवशी नको, मध्ये महिना-दीड महिना जाऊ द्या. अनुभवी लोक दोन्ही एकदम करतात पण नवीन असताना झाडावर एका वेळी एकच ताण पुरे.

८. तार

अडेनियमला तारेपेक्षा छाटणीनेच आकार चांगला येतो, त्यामुळे तार मोजकीच वापरा. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, हिरवटपणा गेलेल्या पण निबर न झालेल्या फांद्यांनाच लावा, साधारण ४५ अंशात गुंडाळून. आत मांसल भाग असल्यामुळे जोरात वाकवली तर फांदी मोडते, दोन-तीन दिवसांच्या अंतराने थोडी थोडी वाकवा. साल मऊ असते, वाढ जोरात असताना तार चार-सहा आठवड्यांत रुतायला लागते, तेव्हा दर आठवड्याला नजर टाका आणि काढताना उलगडू नका, कटरने तुकडे करून काढा.

९. खत आणि फुलं

फक्त वाढीच्या दिवसांत, १५ दिवसांनी एकदा, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मं, आणि ओल्या मातीतच. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की पानं मोठी, फांद्या लुळ्या आणि फुलं गायब. नवीन कुंडीत लावल्यावर महिनाभर खत नको.

फुलं येत नाहीत म्हणून खत वाढवू नका, दहापैकी नऊ वेळा उजेडच कमी असतो. कळ्या येऊन गळत असतील तर अलीकडे जागा बदलली का, मध्ये झाड एकदम कोरडं पडलं होतं का, ते आठवून बघा. कळ्या लागल्यावर जागा बदलू नका.

१०. थंडीतली पानगळ

रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली जायला लागलं की पानं पिवळी होऊन गळतात, कधी कधी झाड पूर्ण उघडं होतं. ही विश्रांती आहे. या वेळी पानं नाहीत म्हणजे पाणी ओढणारं कुणी नाही, म्हणून पाणी महिन्यातून एकदा थोडंसं, आणि १२ अंशांच्या खाली तर अजिबात नाही. १० अंशांच्या खाली झाड जाऊ देऊ नका, आणि रात्री फांद्या गार काचेला टेकणार नाहीत एवढी कुंडी आत सरकवा. नवीन पालवीचे टोक दिसले की हळूहळू पाणी सुरू करा. घर उबदार आणि दिवा चालू असेल तर पानं गळणारही नाहीत, तेव्हा पाणी कमी पण चालू ठेवायचं.

११. बुंधा मऊ लागला तर

दोन कारणं असतात आणि उपाय एकमेकांच्या विरुद्ध, म्हणून आधी नीट ओळखा. तहानलेला बुंधा सगळीकडे सारखा मऊ असतो, साल सुरकुतलेली, दाबला की परत वर येतो, आणि माती खडखडीत कोरडी. भरपूर पाणी घाला, दोन-तीन दिवसांत टणक होतो. कुजलेला बुंधा एका जागी मऊ असतो, दाबलं की खड्डा तसाच राहतो, रंग गडद, कधी घाण वास, आणि माती ओली.

कुजलं असेल तर उद्यावर टाकू नका. झाड कुंडीतून काढा, मऊ भाग ब्लेडने कोरत जा, पांढरा टणक भाग आणि स्वच्छ चीक लागेपर्यंत. दर कापानंतर ब्लेड स्पिरिटने पुसा, नाहीतर कूज तुम्हीच पुढे नेता. मोठी खाच पडली तरी चालेल, भरपूर बुरशीनाशक लावून आठ-दहा दिवस सुकवा आणि कोरड्या मिश्रणात लावा. वाचलेल्या झाडाची ती पोकळी पुढे बोन्सायमध्ये सुंदर दिसते.

१२. किडी

घरात कोरडी, कोंडलेली हवा असते म्हणून लाल कोळी ही बारीक कीड लवकर येते: पानं धुरकट, मागे बारीक जाळी. पानांची मागची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, मातीवर प्लास्टिक बांधून. पिठ्या ढेकूण फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखा बसतो, तो स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपून काढा. मावा बहुतेक वेळा पिवळा असतो, कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर, त्यालाही पाण्याचा फवारा पुरतो. कडुलिंबाचं तेल फवारायचं असेल तर संध्याकाळी, दिवा बंद करून, कारण तेलाच्या पानावर ऊन पडलं की पान जळतं. एकदा करून थांबू नका, आठ दिवसांनी आणि परत आठ दिवसांनी करा, पहिल्या वेळी अंडी वाचलेली असतात.